परवाना कोणता घ्यावा? शहरात स्वतः माल विकू पाहणाऱ्या शेतकऱ्यांकरिता

ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दाराशी आज जेवढे मोठे गिऱ्हाईक उभे आहे, तेवढे महाराष्ट्रातील फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्यास आले असेल. मुरबाडची किंवा शहापूरची भेंडी पहाटे तोडली तर सकाळीच ती कल्याणच्या बाजारात येऊन पडते, आणि तेथून डोंबिवली व ठाणे ही लोकलगाडीच्या काही स्थानकांच्या अंतरावर आहेत. असे असता माल अडत्याच्या हवाली करून पट्टीची वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच चार गिऱ्हाइके का बांधू नयेत, हा विचार घरातील शिकलेल्या मुलांच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि आमच्या मते तो योग्यही आहे.

परंतु या वाटेच्या पहिल्याच वळणावर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. मुलगा तहसील कचेरीजवळच्या एखाद्या एजंटाकडे जातो. एजंट विचारतो, "धंदा कसला, दादा?" मुलगा सांगतो, "भाजीचा. पुढे घरचे लोणचे-पापडही ठेवू." दोन दिवसांनी त्याच्या हाती दोन कागद पडतात, एक 'उद्यम' नोंदणीचा व दुसरा ज्यास आपल्याकडे 'गुमास्ता' म्हणतात तो. कागद चौकटीत बसवून भिंतीवर लागतात व धंदा सुरू होतो. पुढे एके दिवशी कोणी अधिकारी येऊन लोणच्याच्या बरणीवरील नोंदणी क्रमांक विचारतो, तेव्हा उमजते की भिंतीवरील दोन्ही कागदांचा त्या बरणीशी काहीएक संबंध नाही. घरच्यांचे श्रम, बरण्यांत गुंतलेला पैसा आणि नुकते बांधलेले गिऱ्हाईक हे सारे त्या एका प्रश्नाने टांगणीस लागते.

यात आम्ही कोणास हसत नाही, कारण या फेऱ्यातून आम्ही स्वतः गेलो आहोत. उद्यम नोंदणी करून देण्याबद्दल आम्ही एका मध्यस्थास रोख रक्कम मोजली होती. मागाहून कळले की १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकार पूर्णपणे विनामूल्य करते, तीस कागदपत्रे जोडावी लागत नाहीत, आधार क्रमांकावर व आपल्याच निवेदनावर ती होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की उद्यम हा परवानाच नव्हे. आपला उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम, एवढी ओळख ती देते. बँकेत कर्ज मागताना वा सरकारी योजनेचा अर्ज भरताना तिचा उपयोग होतो, यासाठी ती अवश्य करून ठेवावी. पण एखादी वस्तू विकण्याचा अधिकार तिने मिळत नाही.

मग परवाना ठरतो तो कशावरून? आम्ही या विषयाचे कायदे जसजसे पाहत गेलो तसतशी एक गोष्ट स्पष्ट होत गेली. 'मी शेतकरी आहे' किंवा 'मी धंदेवाईक आहे' या एका वाक्याने कोठेच निकाल लागत नाही. एकच माणूस सकाळी दहा वाजता कायद्याच्या दृष्टीने शेतकरी असतो व अकरा वाजता व्यापारी होतो, आणि हा बदल त्याच्या हातातील मालावरून, तो ज्या जागी उभा आहे त्या जागेवरून आणि त्याच्याबरोबर किती माणसे राबतात यावरून ठरतो. त्यातही मालाचा प्रश्न सर्वांत मोठा असल्याने त्याचा विचार आधी करू.

सोयीसाठी असे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुरबाड तालुक्यात चार एकर जमीन, तीत पावसाळ्यात भात व नंतर भेंडी, काकडी, वाल. गोठ्यात दोन म्हशी. घरातील बाई उन्हाळ्यात पापड, कुरडया व कैरीचे लोणचे करण्यात हुशार. आणि धाकटा मुलगा डोंबिवलीस माल नेऊन विकण्यास तयार. असे घर आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना आपलेच वाटेल.

प्रथम भेंडी घेऊ. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम हा २००६ चा कायदा खाण्याच्या सर्व जिनसांस लागू आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये शेतकरी, शेतीची कामे, पिके व जनावरे, तसेच शेतकऱ्याने शेताच्या पातळीवर काढलेले पिकाचे उत्पन्न यांस हा कायदा लागू नाही असे म्हटले आहे. कच्च्या शेतमालाची जी व्याख्या त्यात केली आहे तीही 'शेतकरी अगर मच्छीमार यांखेरीज अन्य माणसाच्या हातातील' अशा शब्दांनी केली आहे. म्हणजे भेंडी तीच, टोपली तीच. ती पिकविणाऱ्याच्या हाती असेतो अन्न कायद्याचे तिजवर लक्ष नाही, आणि दुसऱ्याच्या हाती गेली की ती त्या कायद्यातील 'अन्न' झाली. आपल्या शेतातील ताजी भाजी स्वतः विकणाऱ्यास अन्न परवाना लागतो असे कोणी सांगितल्यास त्यास हे कलम दाखवावे.

वस्तु व सेवा कराच्या कायद्यातही, म्हणजे १ जुलै २०१७ पासून जो लागू झाला त्या जीएसटीतही, हीच दृष्टी आहे. जमिनीच्या लागवडीतून निघालेला माल विकण्यापुरती शेतकऱ्यास नोंदणीची सक्ती नाही, असे त्याचे कलम २३ सांगते. मात्र येथे 'शेतकरी' कोणास म्हणावे याची व्याख्या दिलेली आहे, आणि आमच्या जमीनदार वाचकांनी ती नीट वाचावी. स्वतःच्या श्रमाने, कुटुंबाच्या श्रमाने, किंवा स्वतःच्या अगर कुटुंबातील कोणाच्या जातीच्या देखरेखीखाली मजूर लावून जो जमीन कसतो तो शेतकरी. सातबाऱ्यावर नाव आहे पण जमीन अर्धेलीने वा खंडाने दुसऱ्यास देऊन स्वतः ठाण्यास बिऱ्हाड केले आहे, आणि वाट्यास आलेला माल विकावयाचा आहे, अशा गृहस्थास या व्याख्येचा आधार मिळणे कठीण आहे. नुसती मालकी येथे पुरत नाही.

आता त्याच टोपलीत शेजाऱ्याची भेंडी घातली तर? येथेच पुष्कळांचे पाऊल नकळत रेषेपलीकडे पडते. आठवड्यास गिऱ्हाइकांची मागणी पन्नास किलोंची आहे, आपल्या शेतात तीसच निघाली, तेव्हा उरलेली वीस गावातून विकत घ्यावयाची, हे अगदी साहजिक आहे व त्यात काही गैरही नाही. परंतु त्या वीस किलोंपुरते आपण शेतकरी उरलो नाही, किरकोळ व्यापारी झालो. करापुरती याची फारशी भीती नाही, कारण ताज्या भाजीवर मुळात कर नाही, आणि जो केवळ करमुक्त मालच विकतो त्यास नोंदणी नाही. अन्न कायद्यात मात्र त्याची लहान व्यावसायिक म्हणून नोंद व्हावयास हवी. ही नोंद फार महाग नाही. २०११ च्या नियमांनी ज्याची वार्षिक उलाढाल बारा लाख रुपयांपर्यंत आहे त्यास पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेल असे ठरविले व तिची फी वर्षास १०० रुपये ठेवली. त्यावरील उलाढालीस राज्याचा परवाना, आणि फारच मोठ्या कारभारास केंद्राचा. हे आकडे सरकार अधूनमधून बदलते, यास्तव अर्ज करण्याच्या दिवशी चालू आकडा पाहूनच फी भरावी.

म्हशींच्या दुधाचा प्रकार जरा निराळा आहे. जो दूध उत्पादक सहकारी दूधसंस्थेचा नोंदलेला सभासद आहे व आपले सर्व दूध संस्थेसच घालतो, त्यास २०११ च्या नियमांनी नोंदणीतून सूट दिली. 'सर्व' या शब्दाकडे लक्ष द्यावे. अर्धे दूध संस्थेस घालून उरलेले मुलगा मोटारसायकलीवरून डोंबिवलीच्या इमारतींत रतीबाने घालीत असेल, तर ती सूट राहत नाही. दिवसास ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणारा लहान व्यावसायिकांत मोडतो, त्यामुळे दोन म्हशींच्या धन्यास साधी नोंदणीच करावयाची आहे. कल्याणच्या दूधनाक्याचे नाव ज्या धंद्यावरून पडले तो धंदा आमच्या भागात जुना आहे, आणि 'आजोबांनी कधी कागद काढला नव्हता' हे उत्तर आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. आजोबांच्या वेळी हा कायदा नव्हता, एवढेच त्यावर म्हणता येईल.

पापड, कुरडया व लोणचे यांविषयी तर शंकेस जागाच नाही. कैरी आपल्या झाडाची असली तरी मीठ, मोहरी व तेल घालून ती बरणीत गेली की शेतमाल उरत नाही. ते तयार अन्न झाले. घरच्या स्वयंपाकघरात केले म्हणून सूट मिळत नाही. विक्री करण्यापूर्वी नोंदणी करावी व तिचा चौदा अंकी क्रमांक बरणीवरील चिठ्ठीत छापावा. नोंदणीबरोबर स्वच्छतेच्या काही अटी येतात: पाणी पिण्यायोग्य असावे, भांडी झाकलेली असावीत, सांसर्गिक रोग असलेल्याने माल हाताळू नये. चांगल्या गृहिणीच्या घरी त्या आधीच पाळल्या जातात.

यापेक्षा तांदळाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे असून आमच्या भागातील शेतकऱ्यास त्याचेच अधिक काम पडते, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबतो. भात शेतातून निघाले, गिरणीवर भरडून त्याचा तांदूळ केला. हा तांदूळ 'शेताच्या पातळीवरील उत्पन्न' म्हणावा की प्रक्रिया केलेला माल? भात न भरडता विकल्यास काहीच प्रश्न नाही. भरडल्यानंतर मात्र दोन्ही बाजूंनी बोलता येते, आणि अधिकाऱ्याशी वाद घालण्यात जो दिवस जाईल त्याची मजुरी नोंदणीच्या फीहून अधिक होईल. सबब तांदूळ विकणाऱ्याने अन्न नोंदणी करून मोकळे व्हावे, असे आमचे मत आहे.

खरा फरक पुढेच पडतो, आणि तो पिशवीने पडतो. मुलगा एखाद्या इमारतीच्या आवारात पोते उघडून गिऱ्हाइकासमोर पाच किलो तोलून देतो, तेव्हा त्यास पडताळणी केलेला, छाप असलेला काटा लागतो. वैधमापनाचा कायदा २००९ चा आहे; त्याखालील नियमांप्रमाणे विजेच्या काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व साध्या तराजूची आणि वजनांची दर चोवीस महिन्यांनी करून घ्यावी लागते. आता तोच तांदूळ त्याने घरीच पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत भरला, पिशवी शिवली आणि तीवर आपल्या शेताचे नाव छापले. आता तो वेष्टित माल झाला. पिशवीवर भरणाऱ्याचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी आवश्यक आहे, आणि वेष्टन करणारा म्हणून वैधमापन खात्याकडे स्वतंत्र नोंदही करावी लागते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून, २५ किलोंपर्यंतच्या वेष्टित व नावचिठ्ठी लावलेल्या तांदळावर शेकडा पाच जीएसटी बसविण्यात आला. त्यापूर्वी तो केवळ नोंदलेल्या छापाच्या मालावर असे. सुट्या तांदळावर तो नाही.

हे ऐकून पुष्कळजण घाबरतात व पिशव्या छापण्याचा बेत सोडून देतात, ते बरोबर नाही. माल विकणाऱ्याची राज्यातल्या राज्यात वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर, १ एप्रिल २०१९ पासून, महाराष्ट्रात त्यास जीएसटी नोंदणी करावी लागत नाही, आणि नोंदणी नाही तर कर गोळा करण्याचाही प्रश्न नाही. (नोकरी-सेवा स्वरूपाच्या धंद्यास, जसे ट्रॅक्टर भाड्याने देणे किंवा यंत्राने मळणी करून देणे, ही मर्यादा २० लाखांची आहे, परंतु शेतीच्या पुष्कळशा सेवा मुळातच करमुक्त आहेत.) सांभाळावयाचे ते एवढेच की करपात्र माल राज्याबाहेर धाडला, समजा लोणच्याच्या बरण्या वापीच्या दुकानदारास पाठविल्या, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी आवश्यक होते. तलासरीपलीकडे गुजरात लागते. आपल्यास ते शेजारचे गाव वाटते, पण कायद्यास ते दुसरे राज्य आहे.

मालाचा विचार येथवर झाला. आता जागेचा.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी आणि ठाणे महानगरपालिका त्याच्या आदल्या वर्षी, १९८२ साली, त्याच तारखेस स्थापन झाली. या हद्दींच्या आत व बाहेर कायद्याचा दरवाजा वेगळा असतो. आत महानगरपालिकेचे खाते, बाहेर ग्रामपंचायत. डोंबिवली-कल्याणच्या भोवतालच्या सत्तावीस गावांतील आमचे वाचक यावर नक्कीच हसतील, कारण त्यांच्या वाट्यास दोन्ही दरवाजे आले आहेत. ही गावे १९८३ मध्ये महानगरपालिकेत घातली गेली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतील अठरा वेगळी काढण्याची अधिसूचना निघाली व ती त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. अशा गावात ज्यांनी ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर गिरणी किंवा कारखाना उभारला, त्यांनी तो दाखला जपून ठेवावा, परंतु त्याच्याच भरवशावर राहू नये. महानगरपालिकेच्या १९४९ च्या अधिनियमात कलम ३७६ आहे. जीवितास, आरोग्यास वा मालमत्तेस धोका अगर शेजाऱ्यास उपद्रव होण्याजोगे जे धंदे आहेत, त्यांस त्याखाली आयुक्तांचा परवाना लागतो. भाजीची टोपली यात येत नाही. पिठाची गिरणी, खव्याची भट्टी अशा धंद्यांनी मात्र आपले नाव यादीत आहे काय, हे यंत्र विकत घेण्यापूर्वी प्रभाग कार्यालयात विचारून घ्यावे.

रस्त्याच्या कडेस बसून विकणे हा सर्वांत स्वस्त मार्ग दिसतो, आणि आम्हास सर्वाधिक सावध करावयाचे आहे ते याच मार्गाविषयी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा २०१४ चा आहे. त्यानुसार नगर पथविक्रेता समिती सर्वेक्षण करते व त्यात सापडलेल्या विक्रेत्यांस विक्रीचे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र मिळण्यासाठी एक प्रतिज्ञा लिहून द्यावी लागते. धंदा मी स्वतः अगर माझ्या कुटुंबातील माणसांकरवी करीन, प्रमाणपत्र कोणास भाड्याने वा अन्य रीतीने देणार नाही, आणि माझ्यास उपजीविकेचे दुसरे साधन नाही. ज्याच्या नावे चार एकर जमीन आहे, तो हे शेवटचे वाक्य कोणत्या तोंडाने लिहिणार? एजंट म्हणेल, 'लिहा हो, कोण पाहतो!' परंतु सातबारा हा आता कोणासही घरबसल्या पाहता येतो. खोट्या निवेदनावर मिळविलेले प्रमाणपत्र रद्द होण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. शिवाय तो कायदा ज्या भूमिहीन माणसासाठी झाला, त्याची जागा आपण अडवावी, हे आम्हास पटत नाही. तेव्हा जमीनधारकाने पथविक्रीच्या प्रमाणपत्रामागे लागू नये. स्थानकाजवळ तर मुळीच बसू नये. रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांस मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने मनाई केली.

मग बसावे कोठे? याची उत्तरे बरीच आहेत व ती रस्त्याहून वाईट नाहीत. आपल्या शेताच्या बांधावर विक्री करण्यास अडथळा नाही, आणि माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ज्यांची शेते आहेत त्यांस पावसाळ्यात गिऱ्हाईक आपण होऊन सापडते. इमारतींच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आवारात, संस्थेची लेखी परवानगी घेऊन, ठरल्या वारी ठरल्या वेळी माल नेता येतो. ती जागा खाजगी असल्याने तेथे पथविक्रीचा प्रश्न येत नाही. पणन मंडळाच्या पुढाकाराने २०१६ पासून संत सावता माळी यांच्या नावे शेतकरी आठवडे बाजार भरविण्याचे अभियान सुरू झाले. अशा बाजारात बसणाऱ्याकडून सातबाऱ्याचा उतारा मागितला जातो. म्हणजे रस्त्यावर जो सातबारा आडवा येतो, तोच येथे प्रवेशपत्र होतो.

बाजार समितीविषयी थोडक्यात सांगतो. १९६३ च्या अधिनियमाखाली कल्याणच्या बाजार समितीत परवाना लागतो तो अडत्यास व व्यापाऱ्यास. आपला माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त केला, तेव्हापासून थेट विक्री ही नियमबाह्य आहे अशी धमकी देणाऱ्यास जागा उरलेली नाही. त्याच वेळी भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापण्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असेही ठरले. पट्टी हाती आल्यावर तीवर हा आकडा आहे काय, तेवढे पाहावे.

राहिला माणसांचा प्रश्न. मुलाने डोंबिवलीत एक गाळा भाड्याने घेतला व हाताखाली एक पोऱ्या ठेवला, तर दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्य अधिनियम लागू होतो. यास लोक अजून 'गुमास्ता' म्हणतात, पण गुमास्त्याचा जुना कायदा १९४८ चा होता व तो १९ डिसेंबर २०१७ रोजी गेला. नव्या कायद्याने दहांहून कमी कामगार असलेल्या दुकानास नोंदणीच काढून टाकली; केवळ धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यावी लागते व तिची पोच मिळते. २०२५ मध्ये ही दहाची मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य सरकारने केला. आपल्या कुटुंबाचे दुकान दोन्ही हिशेबांनी सूचनेपुरतेच राहते. जुन्या कायद्याप्रमाणे वेळोवेळी नूतनीकरण करून देतो असे सांगून कोणी पैसे मागत असल्यास, कशाचे नूतनीकरण, हे त्यास विचारावे. आणखी एक. या पोचेने जागेची मालकी किंवा बांधकामाची कायदेशीरता सिद्ध होत नाही. कल्याण-डोंबिवलीत अनधिकृत इमारतींतील गाळे स्वस्त भाड्याने मिळतात व मालक सांगतो, 'गुमास्ता निघतो की!' तो निघतो हे खरे; पण इमारत पाडण्याची नोटीस आली की त्या कागदाने गाळा वाचत नाही.

गाळा घेऊन धंदा करणाऱ्याने व्यवसाय कराचे नावनोंदणी प्रमाणपत्रही घ्यावे. १९७५ च्या राज्य कायद्याचा हा कर सामान्यतः वर्षास २,५०० रुपये असतो, आणि बहुतेक नवशिके यासच विसरतात; तीन-चार वर्षांनी तो व्याज-दंडासह एकदम पुढे येतो.

ज्यांच्याकडे फळझाडांच्या कलमांची रोपवाटिका आहे त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. घरची आंब्याची चार कलमे शेजाऱ्यास दिली तर कोणी विचारीत नाही, पण विक्रीसाठी रोपवाटिका चालविणाऱ्यास १९६९ च्या राज्य अधिनियमाखाली कृषि खात्याचा परवाना लागतो. बियाण्याचे तसे नाही. आपल्या पिकातून राखलेले बी शेजाऱ्यास देण्याचा, बदलण्याचा व विकण्याचाही हक्क वाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याने (कलम ३९) शेतकऱ्यास राखून ठेवला आहे. फक्त ते संरक्षित वाणाचे छापील नाव लावलेल्या पिशवीत घालून विकता येत नाही.

शेवटी, हे सर्व कागद कोणाच्या नावे काढावेत याविषयी. आपल्याकडे सातबारा वडिलांच्या नावे असतो, म्हणून अन्न नोंदणीही त्यांच्याच नावे, काटाही त्यांच्याच नावे, अशी पद्धत पडून गेली आहे. भेंडी व भात यांपुरते ते ठीकच आहे, कारण शेतकरी म्हणून मिळणारी सूट जो कसतो त्याचीच आहे. परंतु लोणचे-पापड करणारी बाई निराळी असेल तर त्या मालाची नोंदणी व उद्यमही तिच्याच नावे काढावे. याने दोन हिशेब आपोआप वेगळे राहतात. शेतीचे उत्पन्न कोणते व धंद्याचे कोणते हा प्रश्न उद्या कोणी विचारला तर एक वही पुढे करता येते. आणि बँकेत कर्ज मागावयाचे झाल्यास अर्जदार तीच राहते, सही करण्यासाठी तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही. भाऊ-भाऊ मिळून धंदा करणाऱ्यांनी तर पहिल्याच दिवशी, पिशवीवर कोणाचे नाव छापावयाचे हे ठरविण्यापूर्वी, नोंदणी भागीदारीच्या नावे की एकाच्या, हे कागदावर लिहून घ्यावे. वाटणीच्या वेळी जमिनीचे पोटहिस्से पाडता येतात, चौदा अंकी क्रमांकाचे पाडता येत नाहीत. नव्या नावाने नवा अर्ज करावा लागतो, आणि तो क्रमांक हाती येईपर्यंत छापलेल्या पिशव्या घरातच पडून राहतात.